सुपरहिरोंच्या विश्वाचे सचित्र इतिहास: वाचलेत का? काय वाटलं?

वारणाकाठ, सांगली

जुन्या इंद्रजाल कॉमिक्सच्या गप्पांत इथे बरेच कॉमिक्सवेडे निघाले, म्हणून वेगळा धागा काढतोय. विषय जरा आडवळणाचा आहे. सुपरहिरोंच्या अख्ख्या विश्वाचा ‘इतिहास’ सांगणारी सचित्र पुस्तकं असतात, त्यांच्याबद्दल.

सुपरमॅन-बॅटमॅन छापणाऱ्या डीसी या अमेरिकन कंपनीचं ‘हिस्टरी ऑफ द डीसी युनिव्हर्स’ बरीच वर्षं शोधत होतो, आता हाती लागलं. १९८६ चं, मूळ दोन भागांत आलेलं. लेखन मार्व्ह वुल्फमन, चित्रं जॉर्ज पेरेझ, त्यांवर शाई कार्ल केसेलची. नेहमीचं कॉमिक म्हणून उघडलंत तर गोंधळाल. संवादाचे फुगे नाहीत, चौकटीमागून चौकट असं काही नाही. मोठालं चित्र आणि त्यालगत मजकूर. हार्बिंजर नावाची बाई जगाचा वृत्तांत नोंदवून ठेवते आहे, असा बाज. सुरुवात विश्वाच्या उत्पत्तीपासून. मग ओआ ग्रहावरचे गार्डियन्स, अ‍ॅटलांटिस, अ‍ॅमेझॉन स्त्रिया, मध्ययुग, जोना हेक्सचा बंदुकांचा काळ, महायुद्धं, जस्टिस सोसायटी, सुपरमॅन-बॅटमॅन आणि थेट तिसाव्या शतकातली लीजन ही सुपरहिरोंची फौज.

हे पुस्तक काढायची वेळ का आली, ते थोडक्यात. १९५६ ला डीसीने फ्लॅश या विजेच्या वेगाने धावणाऱ्या जुन्या हिरोच्या जागी त्याच नावाचा नवा आणला. १९६१ च्या एका अंकात नवा जुन्याला भेटला आणि जुने सगळे हिरो ‘दुसऱ्या पृथ्वीवर’ राहतात असं ठरलं. सोय झकास होती. मग काय, जो येईल त्याला एक पृथ्वी. क्वालिटी कंपनीचे हिरो आधीच घेऊन ठेवले होते, त्यांना १९७३ ला एक मिळाली. फॉसेट कंपनीचा कॅप्टन मार्व्हल हा हिरो १९७२ ला परवान्यावर आणला, त्याला एक. १९८३ ला चार्ल्टन कंपनीची मंडळी घेतली, त्यांना एक. शेवटी १९८५-८६ मध्ये ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या बारा अंकांच्या मालिकेत याच वुल्फमन-पेरेझ जोडीने सगळ्या पृथ्व्या मोडून एक केली. आता या एकुलत्या पृथ्वीवर आधी नेमकं काय काय घडलं होतं? त्याचं उत्तर म्हणजे हे पुस्तक.

चित्रांबद्दल वादच नाही. खटकतं ते वेगळंच. सुपरगर्ल घ्या, सुपरमॅनची चुलत बहीण, त्याच्याच क्रिप्टन ग्रहावरची. मे १९५९ च्या अ‍ॅक्शन कॉमिक्समध्ये, २५२ व्या अंकात ती आली. पुढे पाव शतक तिच्या गोष्टी छापल्या, विकल्या. क्रायसिसच्या सातव्या अंकात ती मेली. सुपरमॅन तिचा देह हातांवर घेऊन रडतोय ते मुखपृष्ठ कॉमिक्स न वाचणाऱ्यांनीही कुठेतरी पाहिलेलं असतं. आणि नवा हिशेब काय, तर सुपरमॅन हा क्रिप्टनचा एकटाच वाचलेला. म्हणजे ती मेली नाही, कारण ती कधी नव्हतीच. अहो, अंक माझ्या कपाटात आहे!

इतिहास जुन्या कागदांवरून लिहितात एवढंच मला ठाऊक होतं. जुने कागद शाबूत असताना ते रद्द करणारा इतिहास मी पहिल्यांदाच वाचला. तुमचं काय म्हणणं? डीसीची प्रतिस्पर्धी कंपनी मार्व्हल, तिचा २०१९ चा इतिहास कोणी वाचला असेल तर त्याबद्दलही लिहा.

भडंगप्रेमी, सांगली

पहिला! आता वाचतो.

भडंगप्रेमी, सांगली

वाचलं. मालक, तुमच्या कपाटात १९५९ चा अंक आहे आणि तुम्ही भिशीचे पैसे उशिरा देता?

वारणाकाठ, सांगली

पुनर्मुद्रण आहे हो. मूळ अंक असता तर विश्रामबागेत बंगला नसता का बांधला.

तंबोरा, मिरज

छान धागा. तुमचा शेवटचा मुद्दा माझ्या आवडीचा आहे.

आमच्या मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं लावून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला. शाळामास्तर माणूस. त्यांचा शिरस्ता असा की आधी कागद पुढे ठेवायचा, मग बोलायचं. त्या मापाने तुमचं हे पुस्तक नापासच. कागद अस्सल आहे, तारीख आहे, छापणाऱ्याचं नाव आहे, आणि खुद्द छापणाराच सांगतोय की हा प्रसंग झालाच नाही.

पण मला ते त्यामुळेच वाचनीय वाटलं. खऱ्यांच्या कागदांत पत्र लिहिणारा केव्हाच गेलेला असतो, त्याला आता काही बदलता येत नाही. इथे लिहिणारा जिवंत आहे, शिवाय तोच मालक. १९८६ ला डीसीच्या कचेरीत काय ठेवायचं आणि काय टाकायचं यावर जी ओढाताण चालली असेल, तिचा हा निकाल आहे. मी ते सुपरमॅनचा इतिहास म्हणून वाचतच नाही, त्या कचेरीचा कागद म्हणून वाचतो. तसं वाचलं की प्रत्येक गाळलेलं नाव बोलायला लागतं.

आणि गंमत म्हणजे निकाल टिकला किती? पेरेझच्या चित्रांत हॉकमॅन रुबाबात उभा आहे. १९८९ ला त्याची सुरुवात नव्याने सांगणारं ‘हॉकवर्ल्ड’ आलं, ते चाललं, आणि १९९० पासून मासिक निघालं तेव्हा ती गोष्ट ‘आत्ता घडतेय’ असं धरलं. मग आधी इतकी वर्षं जस्टिस लीगमध्ये बसलेला हॉकमॅन कोण होता? त्याची उत्तरं पुढे लोक वर्षानुवर्षं देत बसले. १९९४ ला ‘झीरो अवर’ काढून पुन्हा कालपट्टी दुरुस्त केली. २०११ ला ‘फ्लॅशपॉइंट’नंतर पाटी कोरी करून बावन्न मालिका नव्याने सुरू केल्या.

नवा_भिडू, सांगली

मी फक्त सिनेमे बघितलेत. वरचं निम्मं डोक्यावरून गेलं पण मजा आली. इंजिनिअरिंगला आहे, बजेट कमी. यातलं कुठलं आधी घेऊ?

अजिंक्यतारा, सातारा

नव्या भिडूला सांगतो, डीसीचं हे पुस्तक आधी घेऊ नकोस. कारणही सांगतो.

मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. माझ्या पुतण्याने हे पुस्तक मला पेरेझसाठी म्हणून आणून दिलं. साताऱ्याचा माणूस असलं पुस्तक पाहिलं की त्याला औंध आठवणारच. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी स्वतः चित्रं काढून १९१६ साली ‘चित्र रामायण’ प्रसिद्ध केलं. चित्र आणि सोबत कथा, हीच रीत. ते हातात घेणाऱ्याला रामायण आधीच पाठ असतं. वनवासाला निघालेले तिघं दिसले की पुढचं-मागचं सगळं आपण आपल्या पदरचं घालतो. चित्रकाराने फक्त क्षण निवडायचा.

पेरेझनेही क्षणच निवडलेत, आणि काय निवडलेत! पण त्याच्या वाचकाला आधीची पन्नास वर्षं पाठ असावी लागतात. मला नव्हती. तेव्हा मला दिसलं ते असं: एका पानावर तीस-चाळीस माणसं, प्रत्येकाचा पोशाख वेगळा, प्रत्येकाच्या उभं राहण्याची तऱ्हा वेगळी. मी भिंग घेऊन बसलो. मागच्या रांगेतला, नखाएवढा माणूस, त्याच्याही पट्ट्याचं बक्कल नीट काढलंय आणि त्याच्या हाताची मूठ शेजारच्यापेक्षा निराळी आहे. गर्दी काढताना आम्ही मागची डोकी गोल-गोल करून मोकळे होतो. या गृहस्थाने एकही डोकं फुकट घालवलेलं नाही. केसेलची रेघ स्वच्छ आहे म्हणून ते दिसतं, नाहीतर काळा चिखल झाला असता.

मजकूर मात्र मला सपाट वाटला. ‘आणि मग अमुक आला, आणि मग तमुक संघ स्थापन झाला.’ लढाया पुष्कळ, पण कोणाला कशाची भीती वाटली, कोण चुकलं, काही नाही. त्यामुळे माझ्यासाठी हे चित्रसंग्रहाचं पुस्तक. पेरेझ मे २०२२ मध्ये गेले. आमच्या कला महाविद्यालयात असला माणूस अभ्यासाला कोणी लावला नाही याचं वाईट वाटलं.

कोयनामाई, कराड

सर, गर्दीबद्दल अगदी सहमत. पण त्या गर्दीत कोण नाही ते मी मोजत बसले होते, कारण मला मूळ कथा माहीत आहेत.

धागाकर्त्यांनी सुपरगर्लचं लिहिलं. ती एकटी नाही. हंट्रेस: १९७७ ची, दुसऱ्या पृथ्वीवरचा बॅटमॅन आणि कॅटवुमन यांची मुलगी हेलेना वेन. क्रायसिसच्या शेवटच्या अंकात मेली आणि मग नव्हतीच. १९८९ ला हंट्रेस नावाची दुसरी हेलेना आणली, तिचे वडील माफियावाले. पॉवर गर्ल: दुसऱ्या पृथ्वीवरच्या सुपरमॅनची चुलत बहीण. नव्या हिशेबात सुपरमॅनला चुलत बहीण चालेना, तर तिला अ‍ॅटलांटिसच्या जादूगाराची नात केली. फ्युरी: वंडर वुमनची मुलगी. आता वंडर वुमन ‘आत्ता’ पहिल्यांदा जगात येणार म्हटल्यावर तिला कॉलेजात जाणारी मुलगी कशी असेल? मग मुलीसाठी महायुद्धातली दुसरीच आई तयार केली. आणि खुद्द वंडर वुमन! १९४१ पासूनची बाई. तिचं सगळं जुनं आयुष्य पुसून तिला मातीत परत पाठवली, म्हणजे अक्षरशः, क्रायसिसच्या बाराव्या अंकात ती पुन्हा माती होते. पुढे जस्टिस लीगच्या संस्थापकांत तिच्या जागी ब्लॅक कॅनरी बसवली.

आमच्याकडे सुगी झाली की हेळवी यायचा. बैलासोबत, काखेत वही, भाषा अर्धी कानडी. ओट्यावर बसून आजोबांच्या खापरपणजोबापर्यंत नावं धडाधड म्हणायचा, कोण कुठल्या गावातून उठून इथे आला, कोणाला किती मुलगे, सगळं. आजी पायली भरून जोंधळे घालायची. एकदा मी विचारलं, यात माझं नाव कुठे? तो हसला. मुलीचं नाव सासरच्या वहीत, म्हणाला, तेही नवऱ्याच्या नावाने. आजीने मला आत पिटाळलं.

पेरेझचं पुस्तक मिटवताना मला तो हेळवीच आठवला. कुळ टिकवायचं तर मुलगे नोंदवायचे. सुपरमॅन, बॅटमॅन यांच्या आयुष्यात डागडुजी झाली, पण कोणी त्यांना ‘तू नव्हतासच’ म्हटलं नाही.

तंबोरा, मिरज

ताई, मुद्दा बिनतोड आहे, पण एक दुरुस्ती सुचवतो. पुरुषही पुसले गेले. दुसऱ्या पृथ्वीवरचा प्रौढ रॉबिन हंट्रेसबरोबरच मेला आणि विस्मरणात गेला. सुपरबॉय गेला, म्हणजे सुपरमॅनचं लहानपणीचं साहस गेलं. त्याचा फटका असा की १९५८ पासूनची लीजन ऑफ सुपरहिरोज त्याच्याच प्रेरणेने उभी राहिलेली. मूळ माणूस नाही आणि त्याच्या नावाने चाललेली संस्था आहे! मग १९८७ ला एक ‘खिशातलं विश्व’ शोधून काढलं आणि लीजनला भेटलेला सुपरबॉय तिथला होता असं ठरवलं.

कोयनामाई, कराड

बघा, सुपरबॉयसाठी अख्खं विश्व शोधून काढलं. सुपरगर्लसाठी कोणी शोधलं?

तंबोरा, मिरज

शोधलं, पण २००४ पर्यंत थांबावं लागलं. तेव्हा कारा, म्हणजे सुपरगर्लच, खरोखरची परत आली. मध्ये सुपरगर्ल नावाने दुसरंच कोणी होतं, ते धरत नाही. तुमचा मुद्दा मान्य.

शिराळा३२, बत्तीस शिराळा

काय राव, एवढ्या पृथ्व्या. आमच्यात नव्वदच्या दशकात राज कॉमिक्स होतं. नागराज १९८६ चा, ध्रुव १९८७ चा, डोगा १९९२ चा. हिंदीत वाचायचो, हिंदीच्या पेपरात उपयोग झाला. नागराजच्या अंगात साप राहतात म्हणून बाहेरची पोरं तोंडात बोटं घालायची. शिराळ्याच्या पोरांना त्याचं काय कौतुक? आम्ही म्हणायचो, बरा आहे, पण साप धरायची पद्धत चुकीची हाय.

भडंगप्रेमी, सांगली

😂😂 आजचा प्रतिसाद!

हळदबाजार, सांगली

मी व्यापारी माणूस. कॉमिक्स पोरगा वाचतो, मी त्याच्या मागून. तुम्ही सगळे पात्रांचा इतिहास बघताय, मला जमाखर्च दिसतो.

धागाकर्त्यांनी सहज लिहून टाकलंय की क्वालिटीची एक पृथ्वी, फॉसेटची एक, चार्ल्टनची एक. म्हणजे पृथ्व्या वाढल्या त्या कशामुळे? दुसऱ्याचा माल घेतला म्हणून. हे त्या सचित्र इतिहासात लिहिलंय का? मुलाला विचारलं, नाही म्हणाला. फॉसेटचा कॅप्टन मार्व्हल सुपरमॅनची नक्कल आहे म्हणून डीसीवाल्यांनी कोर्टकज्जे करून त्यांचं दुकान बंद पाडलं, आणि वीसेक वर्षांनी तोच हिरो भाड्याने आणला. यापेक्षा चांगली गोष्ट त्या पुस्तकात असेल तर दाखवा.

सुपरमॅन ज्या दोन पोरांनी रचला, जेरी सीगल आणि जो शुस्टर, त्यांना १९३८ ला हक्कांचे १३० डॉलर मिळाले. एवढेच. १९७५ ला, सिनेमा यायचा होता आणि पेपरात बोभाटा झाला तेव्हा वर्षाला २०,००० डॉलरची पेन्शन आणि नाव परत मिळालं. बॅटमॅनचं निम्मंअधिक डोकं ज्याचं तो बिल फिंगर १९७४ ला गेला. त्याचं नाव अधिकृतपणे लागलं २०१५ ला. सुपरगर्ल पुसली याचं तुम्हाला वाईट वाटतं, ते बरोबरच. पण ती कागदावरची आहे. फिंगर हाडामांसाचा होता.

वारणाकाठ, सांगली

हळदबाजार, हे लागलं. पण एक लक्षात घ्या. हे पुस्तक ‘विश्वाच्या आतला’ इतिहास आहे, त्यात कंपनी येणारच नाही. सीगल-शुस्टरचा इतिहास सांगणारी पुस्तकं वेगळी आहेत आणि तीही सचित्र असतात.

हळदबाजार, सांगली

येणार नाही हे खरं. पण आतल्या प्रत्येक घडामोडीमागे बाहेरचं बिल आहे. एवढंच म्हणायचंय.

यवतेश्वर_घाट, सातारा

कोणीच मार्व्हलवर लिहिलं नाही, म्हणून मी.

‘हिस्टरी ऑफ द मार्व्हल युनिव्हर्स’, २०१९, सहा अंक. लेखन मार्क वेड, चित्रं हावियेर रॉड्रिगेझ. विश्वाचा शेवट आलाय, उरलेत दोघेच: ग्रह गिळणारा गॅलॅक्टस आणि मिस्टर फँटास्टिक या हिरोचा मुलगा फ्रँकलिन रिचर्ड्स. फ्रँकलिन म्हणतो, सगळं संपायच्या आत काय काय झालं ते सांग. आणि तो सांगत जातो. या एका कल्पनेमुळे डीसीच्या पुस्तकातला तो सपाटपणा इथे कमी जाणवतो, कारण सांगणारा आणि ऐकणारा दोघांनाही माहीत आहे की यानंतर काहीच नाही.

अजिंक्यतारा सर, तुम्ही रॉड्रिगेझ बघाच. पेरेझ गर्दी करतो, रॉड्रिगेझ मांडणी करतो. दोन पानं मिळून एकच चित्र, आणि त्यातली एखादी वस्तू किंवा आकृतीच चौकटींचं काम करते. नजर आपोआप कालक्रमाने फिरते.

तंबोरा, तुमच्या खरेशास्त्र्यांसाठी मोठी बातमी: प्रत्येक अंकाच्या शेवटी टिपा आहेत. कुठली घटना कुठल्या अंकातून घेतली ते दिलंय. म्हणजे कागद पुढे ठेवलाय.

आता यातली ग्यानबाची मेख. मार्व्हलची पात्रं म्हातारी होत नाहीत. फ्रँकलिन रिचर्ड्सचाच जन्म १९६८ च्या अंकात झालाय आणि पन्नास वर्षांनीही तो पोरगाच. मग आयर्न मॅनचं काय करायचं? १९६३ च्या अंकात तो व्हिएतनाममध्ये जखमी होतो, तिथे स्पष्ट छापलंय. पनिशर १९७४ चा, तोही व्हिएतनामहून आलेला सैनिक. खरं युद्ध धरलं तर आज पनिशर काठी टेकत फिरायला हवा. वेडने यावर काय केलं? १९६५ च्या एका अ‍ॅव्हेंजर्स अंकातला काल्पनिक आशियाई देश उचलला, सियानकाँग, आणि तिथे एक युद्ध झालं असं ठरवलं. आयर्न मॅन, पनिशर, मिस्टर फँटास्टिक, थिंग, सगळे आता त्या युद्धातले. ते युद्ध केव्हा झालं? तारीख नाही. दरवर्षी ते आपल्याबरोबर पुढे सरकत राहणार.

मला ही युक्ती फार आवडली. डीसी पात्रं पुसतं, मार्व्हलने तारीखच पुसली.

तंबोरा, मिरज

वा! शेवटचं वाक्य चोरणार आहे.

तरी मला ती युक्ती खुपते. व्हिएतनाम हे काही कुठलंही एक युद्ध नव्हतं. पनिशर चिडलेला आहे तो त्याच युद्धातून परतलेल्या पिढीचा म्हणून. तारीख नसलेल्या, देश नसलेल्या युद्धातून आलेला माणूस नेमका कशावर चिडलाय? कालगणना दुरुस्त झाली आणि पात्र पातळ झालं. डीसीने सुपरगर्लला मारलं ते निदान मुखपृष्ठावर, सगळ्यांसमोर. इथे व्हिएतनाम गुपचूप काढून घेतलं.

यवतेश्वर_घाट, सातारा

गुपचूप कसं? टिपांत आहे की.

तंबोरा, मिरज

टिपा वाचणारे तुम्ही आणि मी.

भडंगप्रेमी, सांगली

आपला पवित्र प्रभाकर आहे का यात? स्पायडरमॅन, मुंबईचा, धोतर नेसून उड्या मारतो. २००४ ला आला तेव्हा स्टँडवरच्या स्टॉलवरून घेतला होता.

यवतेश्वर_घाट, सातारा

त्याची पृथ्वी वेगळी, क्रमांक ५०१०१. हा इतिहास मुख्य पृथ्वीचा.

भडंगप्रेमी, सांगली

म्हणजे मुंबई दुसऱ्या पृथ्वीवर आहे. दादर स्टेशनला मला हेच वाटलं होतं.

अजिंक्यतारा, सातारा

रॉड्रिगेझ मागवतो.

इंद्रजाल वाचलेल्यांसाठी एक आठवण काढतो. मार्च १९६४ ते १९९० हे सगळं चाललं आणि आमच्या पिढीचा हिरो एकच, वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम. त्याच्या कवटीच्या गुहेत फडताळं भरून वह्या होत्या. प्रत्येक पिढीच्या वेताळाने आपल्या हाताने आपले पराक्रम लिहून ठेवायचे. सोळाव्या शतकापासूनचा एकवीस पिढ्यांचा इतिहास, आणि कधी तक्रार आली नाही. याचं कारण साधं वाटतं. १९३६ पासून १९९९ ला मरेपर्यंत ली फॉक हा एकच माणूस ती गोष्ट सांगत होता. एका माणसाच्या डोक्यात विसंगती असली तरी ती त्याची स्वतःची असते, वाचक सांभाळून घेतो. शेकडो लोकांनी लिहिलेल्या, मालक बदललेल्या, विकत घेतलेल्या गोष्टींचा एक इतिहास करायला निघालात की असली पंचाईत होणारच. वेताळाला ‘सचित्र इतिहास’ वेगळा काढावा लागला नाही, तो गोष्टीतच होता.

अर्थात आपल्याकडे छापताना वेताळाच्या ‘बंगाला’ देशाचं ‘डेंकाली’ केलं आणि चाच्यांच्या ‘सिंग’ टोळीचं ‘सिंगा’ केलं, ते वेगळं. म्हणजे पुसापुशी आपणही केलीच.

आयर्विनखाली, सांगली

उशिरा आलो. मजकुरावर तुम्ही बोललात, मी कागदावर बोलतो, कारण नवा भिडू काय घ्यायचं ते विचारतोय.

ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. आमचं घर गावभागात, तळमजला पूर्ण पाण्याखाली. माझी कॉमिक्स खालच्या दोन फळ्यांवर. पाणी ओसरल्यावर जे बघितलं ते सांगतो. जुनी इंद्रजाल, राज कॉमिक्स, सगळी स्वस्त वर्तमानपत्री कागदावरची. फुगली, पिवळी पडली, गाळाचा वास कायमचा. पण गच्चीवर दोरीला अडकवून वाळवली तर पान पान सुटं झालं. आजही वाचता येतात. आणि महागातले परदेशी संग्रह, गुळगुळीत आर्ट पेपरवरचे, ते ओले असताना चिकटले आणि वाळले ते एकसंध वीट होऊनच. त्या कागदावर जो लेप असतो तो भिजला की डिंकासारखा धरतो. सुरीने सोडवायला गेलो तर चित्राचा थर दुसऱ्या पानावर निघून आला. क्रायसिसचा माझा संग्रह असा गेला. ओलं असतानाच पानांत कोरे कागद घातले असते तर थोडीफार वाचली असती, पण तेव्हा घरातला फ्रिज वाचवायचा की कॉमिक्स?

तेव्हा भिड्या, गावभागात राहत असशील तर वरच्या फळीवर ठेव. महाग तेवढं वर.

कोयनामाई, कराड

दादा, वाचून कसंतरी झालं. नगर वाचनालयाची पुस्तकंही त्याच पुरात गेली होती ना.

आयर्विनखाली, सांगली

हो ताई. तिथलं नुकसान बघितल्यावर आपल्या दोन फळ्यांचं बोलायची लाज वाटली.

नवा_भिडू, सांगली

धन्यवाद सगळ्यांना. विजयनगरला दुसऱ्या मजल्यावर आहे, पुराचं टेन्शन नाही. मग फायनल काय? मार्व्हलचा आधी?

यवतेश्वर_घाट, सातारा

मार्व्हलचा आधी. सिनेमे बघितलेत तर चेहरे ओळखीचे असतील आणि टिपांवरून पुढे कुठला अंक वाचायचा ते कळेल. एकदम सगळं लक्षात ठेवायला जाऊ नकोस.

तंबोरा, मिरज

आणि डीसीचंच हवं असेल तर २०२५ ला मार्क वेडनेच ‘न्यू हिस्टरी ऑफ द डीसी युनिव्हर्स’ लिहिलंय, चार अंक. सांगणारा बॅरी अ‍ॅलन, म्हणजे १९५६ चा तोच नवा फ्लॅश. क्रायसिसच्या आठव्या अंकात हा मेला होता, २००८ ला परत आला, आणि आता तोच बसून इतिहास लिहितोय. १९८६ चा निकाल टाकून देण्यावर यात भर आहे, जमेल तितकं जुनं परत आत घेतलंय. एकच माणूस दोन्ही कंपन्यांचा इतिहासकार, हेही नवलच.

कोयनामाई, कराड

जुनी वंडर वुमन परत घेतली असेल तर मी आजच मागवते. नसेल तर वाट बघते.

हळदबाजार, सांगली

अजून दहा वर्षांनी आणखी एक इतिहास येईल. माल खपतोय तोवर.

वारणाकाठ, सांगली

येऊ दे, घेऊ. भिड्या, विजयनगरहून विश्रामबाग काय लांब आहे? रविवारी सकाळी ये, १९८६ चं माझ्याकडे बसून वाच. घरी नेऊ देणार नाही, आधीच सांगतो. आणि ते आयर्विनवाले गृहस्थ येणार असतील तर क्रायसिसही काढून ठेवतो, माझा संग्रह कोरडा आहे.

आयर्विनखाली, सांगली

येतो. साडेदहाला चालेल?

भडंगप्रेमी, सांगली

मी पण येतो. भडंग माझ्याकडून.

वारणाकाठ, सांगली

तू ये, भडंग नको. तेलकट हात आणि पेरेझ एका खोलीत चालणार नाहीत. साडेदहा ठीक.